सामाईक भिंत

अकोटच्या जुन्या पेठेतलं घर एकटं मोजता येत नाही. एकाची डावी भिंत हीच शेजाऱ्याची उजवी भिंत. एकाचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, संपतं तिथेच दुसऱ्याचं सुरू होतं, आणि तिसऱ्याच्या धाब्यावर पडलेलं पाणी पाचव्याच्या मागच्या बोळात उतरतं. आखीव पत्रिकेवर ही घरं वेगळी आहेत, घरपट्टीच्या पावत्या वेगळ्या आहेत, मालक तर आता एकेका घराला चार-चार आहेत. पण ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी ती बांधली, त्यांनी ती एक इमारत म्हणूनच बांधली. गेल्या पन्नास वर्षांत या माड्यांची दुकानं झाली, भाड्याच्या खोल्या झाल्या, फ्लॅट झाले. त्यात जे बिघडलं ते बहुतेक सगळं ही एक गोष्ट विसरल्यामुळे बिघडलं, असं माझं मत आहे.

हे मत थोडं घरातून आलं, थोडं नोकरीतून. आमचं घर सुताराचं. आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, हयातीत पेठेत नवं लाकूडकाम फारसं निघत नव्हतं. त्यांचं काम दुरुस्तीचं. खांबाच्या डोक्यावरचा कुजलेला हस्त काढून नवा बसवायचा, वाळवीनं पोखरलेल्या सराच्या बगलेला दुसरा सर द्यायचा, फुगलेल्या फळ्या रंधून पुन्हा मापात आणायच्या. त्यांच्यामागे वाकस-पटाशीची पिशवी धरून मी फिरलो. पुढे आरेखकाचा कोर्स केला आणि सरकारी बांधकाम खात्यात अमरावतीला आयुष्य गेलं. निवृत्त होऊन अकोटला परतलो तेव्हा टेप आणि कागद घेऊन या एका ओळीची मापं घ्यायला लागलो. सात घरांची ओळ आहे. घरवाल्यांची नावं लिहीत नाही; ती माणसं तिथेच नांदतात आणि त्यांच्या वाटण्यांचे वाद अजून मिटलेले नाहीत.

आधी ही घरं इथे का झाली ते सांगायला हवं. अकोट हे अकोल्याच्या उत्तरेला, पंचेचाळीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर नरनाळ्याचा किल्ला, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. किल्ल्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा, फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्काच्या वेळचा. कोरीव सज्जे आणि कमळं बघायची असतील तर आजही तिथेच जावं लागतं. जवळच्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि गावाचं नशीब किल्ल्यावरून उतरून कापसाच्या बाजारात आलं.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडचा कापूस, ज्याला लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीच्या नावानं ‘ऊमरा’ म्हणत, त्याला कधी न बघितलेला भाव आला. १८६५ ला लढाई थांबली, भाव कोसळला, मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. पण वऱ्हाडातला पेरा काही मागे हटला नाही. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली होती. अकोटला रूळ नव्हते. इथला माल बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, अकोल्याला, शेगावला जायचा. म्हणून अकोटच्या व्यापाऱ्याला माल साठवायला जागा लागायची, बंड्या लावायला मागचा बोळ लागायचा आणि शेतकऱ्याला बसवायला पुढची ओटी लागायची. रेल्वे दाराशी असती तर ही घरं अशी झाली नसती.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनं अकोटबद्दल लिहिताना दोन गोष्टींची दखल घेतली आहे: इथल्या सतरंज्या आणि घराघरांवरचं कोरीव दगडकाम. १९०१ च्या खानेसुमारीत गावाची वस्ती १८,२५२ होती. एवढ्या लहान गावात दगड कोरून घेण्याइतका पैसा आणि हौस होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजही ओट्यांच्या कडेला, दाराच्या दोन्ही अंगांना काळ्या पाषाणातल्या वेली आणि फुलं दिसतात. त्यांवर चुन्याचे, मग डिस्टेंपरचे, मग ऑइलपेंटचे इतके थर बसलेत की बोटानं चाचपल्याशिवाय पाकळी समजत नाही.

आता ओळीत शिरू. घराची दर्शनी रुंदी तीन खण, म्हणजे पंधरा फुटांच्या आसपास. खोली मात्र शंभर फुटांच्या घरात. पेठेत रस्त्याकडची जागा सोन्याच्या भावाची, म्हणून तोंड अरुंद आणि पोट लांब. पुढे ओटा, मग दुकान म्हणजे पेढी, तिच्या मागे मधला दरवाजा, मग चौक, चौकाभोवती पडवी, पलीकडे माजघर, कोठी, न्हाणी आणि शेवटी बोळात उघडणारं मागचं कवाड. जिना पेढीच्या पाठीशी, इतका चिंचोळा की चढताना दोन्ही खांदे भिंतीला घासतात. वर रस्त्याकडे बैठकीची माडी, तिथे बंगई टांगायच्या कड्या अजून आहेत. मागच्या अंगाला निजायच्या खोल्या. कोठीच्या भिंतीत धान्याची बळदं होती. ती आता बुजवली गेली.

दुकान खाली आणि संसार वर ही व्यवस्था पहिल्या दिवसापासूनची आहे. म्हणून या घरांची ‘दुकानं केली’ म्हणून हळहळणाऱ्यांशी माझं जमत नाही. ती दुकानंच होती. पेढीवर गादी होती, मुनीम होता, कापसाच्या हंगामात रात्री दिवे लावून हिशेब चालायचे. बदललं ते दुसरंच.

पेढीला दार नव्हतं, फळ्या होत्या. खाली उंबऱ्याच्या दगडात खाच, वर चौकटीच्या लाकडात खाच. सागाच्या वीतभर रुंद फळ्या एका टोकाकडून आत घालून सरकवत न्यायच्या, शेवटची बसली की आतून आडणा आणि कुलूप. सकाळी उलट क्रमानं काढून बाजूच्या भिंतीशी उभ्या करायच्या. प्रत्येक फळीवर पटाशीच्या टोकानं आकडा कोरलेला असे, कारण प्रत्येकीची जागा ठरलेली. तिसरी फळी पाचवीच्या जागी बसत नसे. ओळीतल्या सहाव्या घरी एक पूर्ण संच माळ्यावर टाकलेला मला सापडला. एक ते अकरा आकडे होते, सातवी फळी नव्हती. फळ्यांच्या खालच्या कडा झिजून अर्धगोल झालेल्या, आणि मधोमध, जिथे हात धरायचे तिथे, लाकूड तेलकट काळं पडलेलं. सहाव्या घराला आता शटर आहे. शटरचा ड्रम बसवायला चौकटीची वरची तुळई चार इंच तासली. ती तुळई वरच्या माडीचा भार घेते, हे शटरवाल्याला कोणी सांगितलं नाही.

लाकडाची मांडणी अशी. जमिनीत काळ्या दगडाचा तळखडा, त्यावर सागाचा खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे पसरलेले हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर आडवे सर, सरांवर बत्ते आणि फळ्या. साग सातपुड्याचा, मेळघाटातून उतरलेला. खांबांच्या दोन रांगा घराच्या मध्ये, आणि दोन रांगा भिंतींच्या पोटात. इथेच मर्म आहे. भिंतीच्या पोटातला खांब दोन्ही घरांचा. त्याच्या एका अंगाला या घराची तुळई टेकते, दुसऱ्या अंगाला त्या घराची. दोन्हींचा रेटा समोरासमोर येतो म्हणून खांब सरळ उभा राहतो. ओळीच्या दोन्ही टोकांच्या घरांना असा जोडीदार नाही. म्हणून त्यांची बाहेरची भिंत जवळजवळ दीडपट जाड घेतली आहे आणि पायाकडे पसरत नेली आहे. मी मापं घेतली तेव्हा ही गोष्ट कागदावर लख्ख दिसली. सातही घरांचा आडवा छेद काढला की मधली घरं हलकी आणि टोकाची जड. ज्यानं हे ठरवलं त्याला ओळ म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं.

भिंत तळाला गुडघ्याच्या वरपर्यंत काळ्या दगडाच्या फाडीची, चुन्यात बांधलेली. त्यावर बाहेरून वीट आणि मध्ये पांढऱ्या मातीचा भराव. घरं गावठाणाच्या जुन्या पांढरीवर आहेत, काळ्या जमिनीवर नाहीत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. चैत्रात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर माड्या टिकल्या नसत्या. गाव वाढलं तसं नंतरच्या लोकांनी काळीवर घरं बांधली, आणि दर पावसाळ्यानंतर दारं लागेनाशी होतात ती त्याच घरांची.

आणि धाबं. वऱ्हाडच्या घराचं खरं शहाणपण धाब्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. सरांवर बत्ते, त्यावर तुराट्यांचा किंवा बांबूच्या कामट्यांचा थर, त्यावर निरगुडीचा नाही तर कडुनिंबाचा पाला, म्हणजे वाळवी लागत नाही. त्यावर ओली माती टाकून धुम्मसानं चोपायची, आणि सगळ्यात वर खारी पांढरी माती. अकोट तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथलं विहिरीचं पाणी पिता येत नाही, ओलिताला चालत नाही, शेतकरी पिढ्यान् पिढ्या त्या खाराला रडत आला. पण तोच खार धाब्यावर कामाला यायचा. खारट माती भिजली की तिचे बारीक कण सुटे होऊन फुगतात आणि फटी बुजवतात; पहिल्या दोन सरींत धाबं थोडं ठिबकतं, मग आपोआप बंद होतं. मृग लागायच्या आधी दरवर्षी नवी माती टाकायची, उगवलेलं गवत उपटायचं, पन्हाळी साफ करायची. ओळीतले सगळे हे काम एकाच आठवड्यात करायचे, कारण उतार सगळ्यांचा मिळून काढलेला होता.

एक फूट जाडीचं धाबं दर चौरस फुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो भरतं. वजन मोठं आहे, पण तेवढ्यानंच उन्हाळा अडतो. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा धाब्याखालच्या माडीत दुपारी झोप लागते. संध्याकाळी धाब्यावर पाणी शिंपडलं की रात्री गाद्या वरच. सात घरांचं धाबं एकसंध होतं, मध्ये फक्त वीतभर उंचीचे कठडे. उन्हाळ्यात बायकांची सरगुंड्यांची, पापडांची, कुरडयांची वाळवणं या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली असत. आम्ही पोरं पहिल्या घराच्या जिन्यानं चढून सातव्या घरात उतरायचो आणि कोणी विचारत नसे.

बाहेरच्या जगात ओळीच्या घरांचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना इंग्लंडातल्या बाथ गावी आहे, रॉयल क्रेसेंट. धाकट्या जॉन वुडनं १७६७ ते १७७४ मध्ये तीस घरांचा अर्धचंद्र बांधला. त्यानं फक्त दर्शनी भाग एकसारखा केला. मागे ज्यानं त्यानं आपल्या मनासारखं घर बांधून घेतलं. आता त्यात एक हॉटेल आहे, एक संग्रहालय आहे, कित्येक घरांचे फ्लॅट झालेत, आणि समोरून एक दगड हललेला नाही. अकोटचं नेमकं उलटं. इथे दर्शनी भाग प्रत्येकाचा वेगळा: एकाच्या हस्तावर केळफूल, दुसऱ्याच्या मोर, तिसऱ्याची महिरप, चौथ्यानं पुढे बिडाचा कठडा आणून लावलेला. एकसारखं आहे ते आतलं, न दिसणारं. म्हणूनच ते सांभाळायचं कोणाच्या लक्षात येत नाही.

मुंबईचं उदाहरण तर आपल्याच पैशाचं आहे. किल्ल्यातल्या बॉम्बे ग्रीनवर पूर्वी कापसाचे गठ्ठे रचत. १८६० च्या दशकात, कापसाच्या त्याच तेजीत, चार्ल्स फोर्जेट यांच्या पुढाकारानं आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पाठिंब्यानं त्या मैदानाभोवती एल्फिन्स्टन सर्कल उभं राहिलं. भूखंड वेगवेगळ्यांना विकले, पण दर्शनी रूप सगळ्यांनी एकच ठेवायचं अशी अट. खाली कमानींचा सलग मार्ग, वर कचेऱ्या. स्वातंत्र्यानंतर त्याला बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव मिळालं. आज तिथे बँका आहेत, दुकानं आहेत, आतल्या खोल्यांची कितीदा तरी फिरवाफिरव झाली असेल. पण वर्तुळ वर्तुळ राहिलं, कारण अट सगळ्यांवर मिळून होती. वऱ्हाडातल्या कापसानं ज्या तेजीला हातभार लावला तिनं मुंबईला सर्कल दिलं आणि अकोटला या माड्या दिल्या. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे. अकोटला जे होतं ते भाऊबंदांच्या समजुतीवर.

ही समजूत का सुटली? मला तीन कारणं दिसतात, आणि तिन्ही कागदावरची आहेत.

पहिलं भाड्याचं. १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात घरभाडे नियंत्रणाचा आदेश आला. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय भाडेकरूला जागा सोडायची नोटीसच देता येत नव्हती. फाळणीनंतरच्या टंचाईत तो आदेश गरजेचा होता. बेघर व्हायच्या भीतीतून त्यानं पुष्कळ गरिबांना सोडवलं. पण तो विदर्भात थेट महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होईपर्यंत, म्हणजे ३१ मार्च २००० पर्यंत चालला. एवढ्या काळात भाडं वीस रुपयांवर आलं आणि तिथेच राहिलं. नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. वीस रुपयांवर ती ऐंशी पैसे. ऐंशी पैशांत धाब्यावर मातीची एक टोपलीही चढत नाही. मालकानं दुरुस्ती सोडली, भाडेकरूला ती करायचा धीर नव्हता, आणि मृगाच्या आधीचं ते सामाईक काम बंद पडलं. एका घराचं धाबं गळायला लागलं की पाणी सामाईक भिंतीत उतरतं. मातीच्या भिंतीला वरून पाणी लागलं की ती आतून बसते, आणि बाहेरून वर्षभर काही दिसत नाही.

दुसरं कापसाचं. १९७२ ला राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याच्या भल्यासाठी ती आली आणि बरीच वर्षं शेतकऱ्याला तिचा आधारही वाटला. पण पेठेतल्या पेढ्यांचा धंदा तिनं एका फटक्यात उठवला. गादी गुंडाळली गेली. व्यापाऱ्यांची पोरं अकोल्याला, नागपूरला, मुंबईला गेली. घरी म्हातारी माणसं आणि कुलूपबंद कोठ्या राहिल्या. कोठ्यांत आधी खताची पोती आली, मग शिवणाची दुकानं, मग मोबाइलची. मागच्या कापसाच्या खोलीत आज एका ठिकाणी कोचिंग क्लास चालतो, बळदाच्या जागी फळा आहे.

तिसरं वाटण्यांचं. लांबट घर चार भावांत वाटायचं कसं? समंजस रीत होती आडवी वाटणी: पुढचं दुकान एकाला, चौक सामाईक, मागचं दुसऱ्याला, वरची माडी तिसऱ्याला. तशी वाटणी केलेली दोन घरं ओळीत आहेत आणि ती दोन्ही उभी आहेत. पण रस्त्याकडचं तोंड प्रत्येकाला हवं. मग पंधरा फुटांच्या घरात मधून उभी भिंत, सात-सात फुटांची दोन दुकानं, चौकाचे दोन तुकडे. चौक गेला की उजेड गेला, वारा गेला, आणि पावसाचं पाणी जायची वाट गेली. उभ्या वाटणीतल्या घरात दुपारी बाराला दिवा लावावा लागतो.

चौथं घर पडलं ते या तिन्ही कारणांच्या शेवटी. वारसांनी ते पाडून खाली तीन गाळे आणि वर सहा फ्लॅट बांधायचं ठरवलं. जुन्या सागाचे आणि कोरीव खांबांचे चांगले पैसे आले, पाडकामाचा खर्च त्यातच निघाला. चौकटी ट्रकमध्ये चढताना मी उभा होतो. मोराचे हस्त दोरीनं बांधून एकावर एक ठेवले होते. ठेकेदारानं जेठ महिन्यात कॉलमचे खड्डे खणले, सामाईक भिंतीला अगदी चिकटून आणि तिच्या पायापेक्षा खोल. पाचव्या घराच्या तुळयांचा समोरचा रेटा आधीच गेला होता. आता पायाखालची मातीही मोकळी झाली. त्या घरी कामाला येणाऱ्या जुन्या मिस्त्रीनं खड्ड्यात डोकावून म्हटलं होतं, ‘‘भाऊ, हे भित दोघायची हाये. इले हात लावला तं बाजूचंही बसते.’’ त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. पहिल्या मोठ्या पावसात पाचव्याची भिंत पोटातून फुगली आणि रात्री वरच्या खोलीचे सर भिंतीतून निसटून खाली आले. माणसं त्या रात्री माजघरात निजली होती, म्हणून वाचली.

लोक मला म्हणतात, काका, स्लॅब जड असतो म्हणून जुन्या घरांना सोसत नाही. तसं नाही. पाच इंचाचा स्लॅब दर चौरस फुटाला तीस किलोच्या आत भरतो. धाबं त्याच्या दीडपट जड होतं. घात वजनानं होत नाही, तीन गोष्टींनी होतो. धाब्याचं वजन भिंतीवर पसरून बसायचं. स्लॅबचं वजन चार कॉलमवर एकवटतं आणि त्या कॉलमचे खड्डे शेजाऱ्याचा पाया उघडा पाडतात. दुसरं, मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर यायची वाट बंद होते. चुन्याचा गिलावा ओल सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं, आणि पाच-सात वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट सुटतात. तिसरं, फ्लॅट म्हटला की प्रत्येकाला संडास-बाथरूम आलं, आणि ते नेमकं सामाईक भिंतीला लावून बांधतात, कारण पाइप तिथून सोपा जातो. नळाची एक बारीक गळती शंभर वर्षांच्या पावसाहून जास्त नुकसान करते.

पण हेच सगळं नीट करता येतं. ओळीतलं दुसरं घर बघा. तिथे तिघा भावांनी घर न पाडता त्याचे दोन गाळे आणि वर दोन फ्लॅट केले. गाळ्यांची विभागणी लाकडी फळ्यांच्या भिंतीनं केली, तिचा भार कोणावर नाही आणि उद्या काढताही येते. चिंचोळा जिना तसाच ठेवून चौकात लोखंडी जिना दिला, त्यामुळे वरच्या बिऱ्हाडांना दुकानातून जावं लागत नाही. संडास-बाथरूम मागच्या बोळाकडे, स्वतःच्या चार कॉलमवर, सामाईक भिंतीपासून तीन फूट सोडून, एकावर एक. धाब्याची माती अर्धी उतरवली, सर तपासले, दोन बदलले, आणि वर चार फुटांवर टिन चढवलं, म्हणजे पाऊस टिनावर आणि सावली धाब्यावर. चौक उघडाच ठेवला. दुकानाच्या फळ्या गेल्या, त्याचं मला वाईट वाटतं; पण शटरला त्यांनी तुळईच्या खाली स्वतंत्र लोखंडी चौकट दिली, तुळईला हात लावला नाही. दुपारी वरच्या फ्लॅटमध्ये बसलं की पंखा मंद चालतो आणि पुरतो. हे काम करायला नवं घर बांधण्याच्या निम्माही पैसा लागला नाही, असं ते तिघे सांगतात.

कायद्याची अडचण फार नाही. राज्यात २०२० च्या डिसेंबरमध्ये एकत्रित विकास नियमावली आली, ती नगरपरिषदांनाही लागू आहे आणि वारसा इमारतींची यादी करायची सोय तिच्यात आहे. अकोट, अंजनगाव, कारंजा, खामगाव, अमरावतीच्या परकोटाच्या आतलं जुनं गाव, या सगळ्या ठिकाणी अशा ओळी आहेत. कारंज्याला १८८६ मध्ये नियमन असलेला कापूस बाजार सुरू झाला आणि वऱ्हाडच्या धर्तीवर देशभर बाजार समित्या झाल्या. ज्या मुलखानं व्यापाराला नियम घालून दिले, त्याला आपल्या पेठेच्या भिंतींसाठी एक यादी करता येऊ नये असं मला वाटत नाही.

पण यादीची वाट बघू नका. ज्यांच्या घराची भिंत सामाईक आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही घर विका, वाटा, दुकान करा, फ्लॅट करा. तो तुमचा हक्क आहे. पण पाडकामाचा नारळ फोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना घरी बोलवा आणि पूर्ण ओळीचा आडवा छेद एका कागदावर काढून घ्या. शेजाऱ्याच्या पायाखाली खणू नका, खणावंच लागलं तर आधी त्याच्या तुळयांना टेकू द्या आणि काम पावसाळ्यानंतर काढा. भिंतीला सिमेंट लावू नका, पाइप लावू नका. आमच्या ओळीतली चार घरं अजून सावरता येतील. त्यांची मापं माझ्याकडे तयार आहेत. ज्याला हवीत त्यानं येऊन घेऊन जावीत, पैसे नकोत.